आंबलेली खळ

सिद्धनाथचं बंद पाकीट आलं, त्याला मी बरेच महिने उत्तरच दिलं नाही. आत लिहिलं होतं, 'महिपती, खळीच्या पाण्याकडे डास फिरकत नाहीत. तुझ्याकडे कसे येत होते? कळव, पण आपल्या दोघांतच ठेव.'

आम्ही दोघं सोलापुरात एकाच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. शेजारच्या नागम्माचा हातमाग. सुताला लावून उरलेली पिठाची खळ ती पिंपात ठेवी, आणि त्या पिंपात डासांची अंडी नेहमीच जास्त. मी दोन घमेली मांडून पाहिली, एकात नळाचं पाणी, एकात खळीचं. अंडी घालायला माद्या वासावर खळीकडेच येत. अळ्यांचे डास होण्याआधी ते पाणी उन्हात ओतून दिलं की काम झालं. हे सगळं मी सिद्धनाथला सांगितलं. तो पुण्याच्या संस्थेत गेला आणि त्यावरचा शोधनिबंध एकट्याच्या नावावर छापला. तो मी इतक्यांदा वाचला की हा शोध खरंच आपला होता का, अशी मलाच शंका येऊ लागली.

शहात्तरच्या ऑक्टोबरात तो प्रात्यक्षिकासाठी सोलापुरात आला, तो थेट माझ्या ओट्यावर. नागम्मा तिथंच सुताच्या कांड्या भरत बसली होती.

"पत्र मिळालं नाही का रे?"

"मिळालं."

"मग? आज रात्री कॉलेजात घमेली ठेवतोय, सकाळी महानगरपालिकेचे साहेब बघायला येणार. खळ ताजी आहे, गाळून घेतलीय. घमेली घासून लख्ख केलीत. अजून काय हवं?"

मला हसू आलं, ते मी खोकल्यात लपवलं. नागम्मा पिंप कधीच घासत नाही. तळाची जुनी खळ तशीच ठेवून वर नवी ओतते. डासांना ओढणारा वास त्या आंबलेल्या तळाचा.

"निबंधात माझं नाव घालशील?" असं काही मागायची माझी ही पहिलीच वेळ.

तो हसला. "तुझं नाव ओळखतो कोण, महिपती?"

"मग वळकीच्या मानसालाच इचारा की," नागम्मा मान वर न करता म्हणाली. "हितं कशाला आलाव?"

मी उठून आत गेलो.

सकाळी कॉलेजात मी मागे उभा होतो. साहेबांनी वाकून पाहिलं. अंड्यांचे काळे ठिपके दोन्ही घमेल्यांत सारखेच.

"डॉक्टर, डासांनी तुमचा निबंध वाचलेला दिसत नाही!"

सगळे हसले. सिद्धनाथ माझ्याकडे बघत होता. एरवी मी मान खाली घातली असती. त्या दिवशी घातली नाही. शोध माझाच होता.

दुपारी त्याला उत्तर लिहिलं. पाकिटात नाही, उघड्या पोस्टकार्डावर, आणि पत्ता संस्थेच्या कार्यालयाचा घातला. त्याच्या हाती पडेपर्यंत शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांनी वाचावं म्हणून.

'घमेलं घासू नकोस. खाली जुनी खळ राहू दे, आंबू दे. हे तू कधी केलंच नाहीस, नुसतं माझ्याकडून ऐकलंस, म्हणून तुला ठाऊक नाही.'

खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. हाच मजकूर दुसऱ्या कार्डावर, महानगरपालिकेच्या साहेबांना. नवी पेठेत जाऊन दोन्ही कार्डं पेटीत टाकली.