न्हाण्याच्या वेळी बिघडणारा नळ

मी एक जुने, फणसाच्या लाकडाचे बाकडे आहे. सिंधुदुर्गातल्या एका मनोरुग्णालयात, बायकांच्या वॉर्डाच्या दाराबाहेर मी असते. मित्रांनो, माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगते. जन्मापासून तो तसा नव्हता.

तोंडवलीत वाऱ्याने पडलेल्या एका फणसापासून गंगाराम सुताराने मला घडवले. रंधा फिरला तेव्हा मी हळदीसारखे पिवळे दिसत होते. सुरुवातीची वर्षे मी केसपेपरच्या खिडकीसमोर काढली. देवगडहून, रेडीहून पहाटे निघालेली माणसे माझ्यावर टेकायची आणि म्हणायची, "बरां बाकडां आसा हां!" पुढे तिथे स्टीलच्या खुर्च्या आल्या. माझा एक पाय तोवर हलू लागला होता. मग त्याखाली विटेचा तुकडा सारून मला इथे आणून ठेवले. पुन्हा कोणी मला पुसलेही नाही.

वॉर्डाचे दार यशोदा आया सांभाळायची. दारापर्यंत रोज कोणी ना कोणी यायचे, पण नळदुरुस्तीच्या कंत्राटदाराचा माणूस, मितेश, जरा जास्तच यायचा. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणे. "मावशी, गुडघो कसो आसा?" असे विचारून तो माझ्यावर बसायचा. दहा वाजता यशोदा आत हाक मारी, "चला गो, न्हावक चला!" त्याच वेळी हा उठायचा. "न्हाणीघरातलो नळ गळता," म्हणत आत जायचा. रुग्णांनी स्वतःला कोंडून घेऊ नये म्हणून न्हाणीघराला आतून कडीच नव्हती.

परत येऊन तो माझ्यावर बसे, तेव्हा त्याची विजार कोरडी असे. मित्रांनो, नळाखाली काम केलेला माणूस बाकड्यावर ओला डाग ठेवून जातो. ह्याने एकदाही ठेवला नाही. तेव्हापासून मला संशय येऊ लागला. पण मी कोणाला सांगणार?

सुगंधाने मात्र सांगितले. ती पन्नाशीची, पूर्वी मालवणच्या बाजारात मासे विकणारी. तिला कोणी नसताना आवाज ऐकू येत, कधी चहात विष आहे असे वाटे. ती यशोदेला म्हणाली, "आमी न्हावक गेलंव काय नळ बिघाडता. आमी भायर इलंव काय नळ बरो. ह्यो कसलो नळ गो?"

यशोदा हसली. "काल चायत वीख होतां, आज नळवालो वायट. उद्या माझी पाळी काय?"

वॉर्डात अक्षया नावाची अठरा वर्षांची मुलगी होती. ती कोणाशीच बोलत नसे. तिने आंघोळीला जाणेच बंद केले. ओढून नेले तर थरथर कापायची. सगळ्यांना वाटले, आजार वाढला. सुगंधाला तसे वाटले नाही. एके दिवशी अक्षया आत असताना ती बादली घेऊन न्हाणीघराच्या दारात उभी राहिली आणि मितेश जवळ येताच तिने ती त्याच्या अंगावर रिकामी केली. त्या दिवशी तो पहिल्यांदाच भिजून बाहेर आला. सुगंधाच्या केसपेपरवर 'आक्रमक' असे लिहिले गेले. तिचे औषध वाढले आणि तिला वेगळ्या खोलीत ठेवले.

त्याच आठवड्यात मुबश्शिरा सिस्टर बदली होऊन आल्या. त्यांनी सुगंधाला बाहेर आणून माझ्यावर बसवले.

"मावशी, तो नळवालो कधी येता? किती वेळ रवता?"

सुगंधाने त्यांच्याकडे रोखून पाहिले. "माझो कागद वाचलंस?"

"वाचलंय."

"मगे इचारतंस कित्याक?"

"आजारी माणूस खोटारडो नसता, म्हणान."

सुगंधा सिस्टरांच्या जवळ सरकली. मग एकेक दिवस सांगत गेली.

सिस्टर लगेच कोणाशी काही बोलल्या नाहीत. नळांच्या तक्रारींचे कागद त्यांनी मागवले. बायकांच्या न्हाणीघराची तक्रार वर्षभरात एकही नव्हती. तिसऱ्या दिवशी दहा वाजता त्या स्वतः माझ्यावर येऊन बसल्या. त्यांचा पाय सारखा हलत होता, त्याबरोबर मीही हलत होते. मितेश आला.

"कसलं काम?"

"आतला नळ गळतोय, सिस्टर."

"मी आत्ताच तिन्ही नळ पाहून आले. एकही गळत नाही."

तो हसला. "अहो, ह्या वेड्या बायका काहीही सांगतात."

"त्या काही बोलल्या, असं मी कुठे म्हटलं?"

मितेशचे हसू तिथेच थांबले. तो वळला, पण यशोदा वाटेत उभी होती. तिनेही सगळे ऐकले होते. तिने शिपायाला हाक मारली.

मोठे डॉक्टर आधी कचरले. "रुग्णाच्या शब्दावर तक्रार कशी करायची?" त्यांनी विचारले. "माझ्या शब्दावर करा," सिस्टर म्हणाल्या, "आणि त्यांचाही शब्द लिहून घ्या." दुपारी महिला पोलीस आल्या. माझ्यावर बसूनच त्यांनी सुगंधाचा जबाब घेतला. अक्षया तिच्या पदराचे टोक धरून शेजारी होती.

"माका कधी कधी नसलेलां आयकाक येता, तां पण लिवा," सुगंधा म्हणाली. "पण ह्यो माणूस होतो."

तेव्हा अक्षयाने होकाराची मान हलवली. पोलीसबाईंनी पेन खाली ठेवले आणि तिला हळूच विचारले, "तूही सांगशील?" अक्षया म्हणाली, "हो." तो तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

खटला अजून चालू आहे. न्हाणीघराला आता आतून कडी आहे. गरज पडली तर सिस्टरांना ती बाहेरून किल्लीने उघडता येते. आंघोळीच्या वेळी एकही पुरुष आत जात नाही. सुगंधाचे वाढवलेले औषध कमी झाले. एका सकाळी यशोदा तिच्याशेजारी बसून रडली. "मियाच त्याका आत सोडी होतंय गो." सुगंधाने तिला माफ केले की नाही, मला ठाऊक नाही. ती एवढेच म्हणाली, "रडा नको. दारार लक्ष ठेव."

मित्रांनो, मी अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याची पावले ऐकते आणि चटकन कोणावर विश्वास ठेवत नाही. पण माझ्यासारख्या लाकडाच्या संशयाने कोणाचे रक्षण होत नाही. तुमच्या घरातली, शेजारची कोणी अशा वॉर्डात असेल, तर तिला भेटायला जा. ती काही सांगू लागली, तर तिच्या आजाराचे नाव बाजूला ठेवा, जवळ बसा आणि विचारा, "कधी? कोण? कुठे?" मग उठून स्वतः पाहून या.