पंख ताठ केल्यावर

दक्षताचं विमान अजून कॉम्प्युटरमध्येच होतं. घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात ती दिवसभर त्याचं गणित मांडायची. पंख इतके लांब आणि लवचीक, की हवेत गेले की टोकं आपसूक वर उचलली जात. चेंदणी कोळीवाड्यातल्या तिच्या आईने ते एकदा पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे उडतंय कुठं? पोहतंय." दक्षता त्या दिवशी भलतीच खूश होती.

खरं विमान तयार झालं की पहिलं उड्डाण महेंद्र सरांनी करायचं ठरलं होतं. सर निवृत्त वैमानिक. डोंबिवलीहून निघून शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धं आयुष्य घालवून यायचे, आणि ऑफिसातल्या नकली कॉकपिटमध्ये बसून तेच विमान पडद्यावर उडवू लागले की एकदम तरुण व्हायचे. या वयात असं काही वाट्याला आलं याचं त्यांना भारी अप्रूप होतं.

पण त्यांच्या हातात विमान डुलायचं. विमान वळवायची दांडी डावीकडे केली की आधी पंख वाके, विमान मागाहून वळे. तेवढ्यात हात आणखी काहीतरी करून बसे आणि डोलणं वाढतच जाई. सरांच्या हातात आता ती सफाई राहिली नाही, अशी ऑफिसात कुजबुज सुरू झाली. दक्षता सगळ्यांशी कडाकडा भांडली. दोष पंखाचा आहे, म्हणाली.

मग एका दुपारी तिने गणितातला पंख फळीसारखा ताठ करून टाकला.

"सर, आज पंख वाकणार नाही. आता डोललं नाही, तर दोष पंखाचाच."

सरांनी दांडी धरली. पडद्यावर खाडी पसरली, उन्हात पाणी पांढरं झालं, आणि विमान त्यावरून अगदी निमूट सरकत राहिलं. दक्षता हरखली. मग तिचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या रेषेकडे गेलं. ती रेषा सरांच्या हाताची होती, आणि ती बारीक थरथरत होती. ताठ पंखाला ती थरथर जाणवतच नव्हती. मऊ पंख तीच मोठी करून दाखवत होता.

"डोललं नाही," सर म्हणाले. "म्हणजे दोष पंखाचाच ना?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी सगळ्यांनी मानलं असतं. आणि मग एके दिवशी सर खऱ्या विमानात बसले असते.

"नाही, काका," ती म्हणाली. आजवर तिने त्यांना कधी काका म्हटलं नव्हतं.

सरांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

"घरी कप धरताना कळतं मला," ते म्हणाले. "इथे कुणाला कळणार नाही, असं वाटलं होतं."

दक्षताला रडू आवरेना. सरांनी तिकडे मुद्दाम पाहिलं नाही.

"पंख परत मऊ कर," ते म्हणाले. "आणि ती तुझी रेषा जरा बंद ठेव."

तिने रेषा बंद केली आणि शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. पंखांची टोकं हळूहळू वर उचलली गेली. विमान खाडीवरून डुलत निघालं, आणि सर त्याला डुलू देत होते.