पाहुण्यांसाठी आवरलेला वॉर्ड

गुरुवारी परदेशातले पाहुणे येणार, असं डॉक्टरांनी सोमवारी सकाळी सांगितलं आणि मोठ्या सिस्टरनी त्याच दुपारी वॉर्डाचे पडदे धुवायला काढले.

वॉर्ड कुपोषित मुलांचा. खाटा वीस, मुलं सव्वीस. सहा वर्षांपूर्वी ही खोली म्हणजे मोडक्या खुर्च्यांची अडगळ होती. वाळलेली, सुजलेली मुलं तेव्हा इतर रोग्यांच्या मध्ये जमिनीवर निजायची आणि त्यातली बरीचशी पुन्हा उठायचीच नाहीत. मग समुद्रापलीकडच्या एका संस्थेची मदत आली. खाटा आल्या, वजनाचा काटा आला, दोन जास्तीच्या नर्स आल्या, लांबलांबून मुलांना आणायला गाडी आली आणि मुख्य म्हणजे पाकिटं आली. शेंगदाण्याच्या गोड लगद्याची, तळहातावर मावतील अशी पाकिटं. पहिले काही दिवस पोराला दर दोन-तीन तासांनी चमच्याने पातळ दूध पाजायचं, त्याच्या डोळ्यांत जरा जीव आला की पाकीट हातात द्यायचं. ते कोपरा चोखायला लागलं की मोठ्या सिस्टर त्याच्या आईला म्हणायच्या, "आता हा तुलाही खाऊन टाकेल, जरा लांब बस."

मुलांची खरी नावं सिस्टरच्या लक्षात राहायची नाहीत, किंवा त्या राहू द्यायच्या नाहीत. पोर जितकं काटकुळं तितकं नाव दणकट, असा त्यांचा हिशोब. पैलवान, भोपळा, सरदार. नऊ दिवसांपूर्वी चौदा महिन्यांची एक मुलगी आली, ती पाच किलोसुद्धा भरली नाही. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी गुंडाळली तर ती हिरवा आणि पिवळा ओलांडून पार लालात गेली. तिचं नाव हत्तीण ठेवलं. तिची आई आधी बावरली, मग किती तरी दिवसांनी पहिल्यांदा हसली.

तर पाहुणे येणार होते, आणि पाहुण्यांच्या बाबतीत मोठ्या सिस्टरचं एक पक्कं मत होतं. लहानपणी त्यांची आत्या त्यांना कपडे पाठवायची. आत्या यायची असली की आई तिनेच दिलेला फ्रॉक अंगावर चढवायची, केस चापून बसवायची आणि दटावायची, "तिच्यापुढे रडगाणं गायचं नाही. दिलेलं सार्थकी लागलं, असं वाटलं पाहिजे तिला." सिस्टर आता पंचावन्नच्या झाल्या होत्या, पण हे दटावणं त्यांच्या अंगात मुरलं होतं. सहा वर्षं ज्यांनी न मागता दिलं, त्यांना काय दुपट्यात गुंडाळलेली हाडं दाखवायची?

मंगळवारी घरी भांडी घासता घासता त्यांनी सगळा बेत नवऱ्याला सांगितला. ते बसच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. बोलणं मोजकं आणि तिरकं.

"म्हणजे आजारी पोरं लपवणार तू?" त्यांनी विचारलं.

"लपवणार कशाला? मागच्या खोलीत ठेवणार. तीन तासांचा तर प्रश्न आहे."

"माझ्याकडे गाडी आणतो ना माणूस, तो इंजिनाचा आवाज लपवत नाही. उलट दोनदा काढून दाखवतो."

"अहो, ते गिऱ्हाईक. हे पाहुणे आहेत," असं म्हणून सिस्टरनी तो विषय नळाखाली धुऊन टाकला.

बुधवारी बऱ्या होत आलेल्या नऊ मुलांना पाकिटं देऊन चार दिवस आधीच घरी धाडलं. गुरुवारी सकाळी सगळ्यात वाईट अवस्थेतली अकरा मुलं, आयांसकट, वॉर्डामागच्या कपडे धुण्याच्या जुन्या खोलीत नेली. तिथे सतरंज्या घातल्या, दुधाची किटली ठेवली, एक नर्स दिली आणि आवाज नको म्हणून आयांना बजावलं. वॉर्डात उरली सहा मुलं, गालांवर लाली चढलेली, एकेका खाटेवर ऐसपैस. डॉक्टर दारात उभे राहून बघत होते. वयाने ते सिस्टरच्या मुलासारखे.

"सिस्टर, हे बरं दिसेल का?"

"बरं दिसावं म्हणून तर चाललंय."

खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही रिकाम्या खाटा बघून छान वाटलं होतं.

पाहुण्या म्हणजे त्या संस्थेच्या एक बाई; सहा वर्षांपूर्वी एकदा येऊन गेल्या होत्या. इतक्या उंच की दारातून वाकून आत यायच्या, म्हणून सगळ्याजणी त्यांना उंच बाई म्हणायच्या. आता केस पांढरे झाले होते, वाकणं तेच. त्या आत आल्या आणि थबकल्याच. मागच्या वेळी त्यांनी या इमारतीत काय पाहिलं होतं ते सिस्टरना माहीत होतं, कारण त्यांच्या शेजारीच उभ्या राहून सिस्टरनी एका मुलाच्या तोंडावरून चादर ओढली होती. उंच बाईंनी पैलवानाला उचललं. त्याने त्यांचा चष्मा ओढला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सिस्टरना धन्य धन्य वाटलं.

बाईंनी आयांना विचारलं, काही अडचण आहे का, काही कमी पडतं का. डॉक्टर इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगत होते.

"नाही हो, सगळं छान आहे," पैलवानाची आई म्हणाली. दुसरीनेही तेच सांगितलं. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना. दारी आलेल्या माणसापुढे कुणी गाऱ्हाणं मांडतं का?

आणि नेमकं तेव्हा मागून रडणं ऐकू आलं. भुकेल्या धडधाकट मुलाचा टाहो नव्हे. बारीक, चिरका, मध्येच तुटणारा आवाज. सिस्टरनी तो लगेच ओळखला. अचानक कुणीतरी दाबल्यासारखा तो थांबला. उंच बाईंनी मान वळवली आणि डॉक्टरांना काहीतरी विचारलं. डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं.

एक दार उघडायचा अवकाश होता.

"मागे कामगारांच्या खोल्या आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांची पोरं रडतात."

डॉक्टरांनी ते जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी सिस्टरच्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग हसून त्यांचा हात हातात घेतला. गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मागच्या खोलीतून मुलं परत आणताना हत्तीणीची आई रडवेली झाली होती.

"मी खूप गप्प करत होते हो तिला. तोंडावर हातसुद्धा धरला."

"अगं, असू दे. काही बिघडलं नाही," सिस्टर म्हणाल्या आणि हत्तीणीला खाटेवर निजवून स्वतः चमच्याने दूध पाजायला बसल्या.

पत्र आलं सात आठवड्यांनी. तोवर हत्तीण पट्टीच्या हिरव्यापर्यंत पोचून, पाकिटांची पिशवी घेऊन घरी गेली होती. डॉक्टरांनी सगळ्यांना वॉर्डात बोलावून पत्र वाचायला घेतलं. कामाचं भरभरून कौतुक होतं. सहा वर्षांत इतका बदल आम्ही क्वचितच पाहिला आहे, मोठ्या सिस्टरसारखी माणसं असतील तिथे मदतीचं सोनं होतं, असं बरंच काही. नर्सेसनी टाळ्या वाजवल्या. झाडूवाल्या मावशींनी सिस्टरच्या पाठीवर थाप मारली. टाळ्या थांबल्या तरी डॉक्टर पुढचं वाचेनात.

"वाचा ना," सिस्टर म्हणाल्या.

पुढे लिहिलं होतं की आता या वॉर्डात मोजकीच मुलं उरली असून तो स्वतःच्या पायावर उभा आहे, तेव्हा वर्षअखेर आमचं काम इथे आनंदाने पूर्ण होत आहे. म्हणजे पाकिटं बंद. गाडी बंद. दोन नर्स कमी. झाडूवाल्या मावशींना नीटसं कळलं नाही, त्या अजून हसतच होत्या.

त्या रात्री सिस्टरना जेवण गेलं नाही. नवऱ्याने एका शब्दानेही टोचलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांपुढे एक कागद ठेवला. सगळं लिहिलं होतं त्यात. नऊ मुलं घरी धाडली, अकरा मागे लपवली, कामगारांच्या खोल्या कुठेच नाहीत. दोष माझा, शिक्षा मला करा, वॉर्डाला करू नका.

"हे गेलं तर तुमची नोकरी जाईल," डॉक्टर म्हणाले.

"जाऊ दे."

डॉक्टरांनी कागद पुन्हा वाचला. मग त्याचं भाषांतर करून खाली स्वतःचीही सही केली. "खोटं तुम्ही बोललात, पण त्यांच्या कानात घातलं मी," ते म्हणाले.

उत्तर पत्राने आलं नाही. दहा दिवसांनी उंच बाईंचाच फोन आला. डॉक्टरांनी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला आणि एकेक वाक्य सिस्टरना सांगू लागले.

"त्या म्हणतात, रडणं त्यांना त्या दिवशीच कळलं होतं. असं रडणं त्यांनी खूप ऐकलंय."

"मग बोलल्या का नाहीत?"

"तुमचा चेहरा बघून धीर झाला नाही म्हणतात. तुमच्या घरात उभं राहून तुम्हाला खोटं पाडणं त्यांना जमलं नाही. आणि अहवालात डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिता येतं."

सिस्टर खुर्चीत मागे टेकल्या. त्यांना बाईंचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग कुणाचाच धरून ठेवता येईना.

फोनमधला आवाज बराच वेळ बोलत राहिला. ऐकता ऐकता डॉक्टरांचा चेहरा उतरला. "आपल्या वाट्याचं आता दुसऱ्या एका देशाला द्यायचं ठरलंय," ते म्हणाले. "अजून पोचलेलं नाही. तुम्ही हो म्हणालात तर त्या तुमचं पत्र वर मांडतील, भांडतील. बहुतेक मिळेलही. पण ते तिकडचं काढूनच द्यावं लागेल. त्या म्हणतात, तुम्हीच सांगा."

"तिकडे किती मुलं आहेत, विचारा."

"एक्केचाळीस. खाटा नाहीत. चटयांवर आहेत."

"त्यांनी स्वतः बघितली?"

डॉक्टरांनी विचारलं. उत्तर ऐकून ते म्हणाले, "हो. तिथल्या नर्सने दार उघडून सगळी दाखवली म्हणे."

सिस्टर टेबलाच्या कडेकडे बघत बसल्या. त्यांना त्या चटया दिसत होत्या. सहा वर्षांपूर्वीची जमीन त्यांच्या डोळ्यांपुढून कधी गेलीच नव्हती. आपली सव्वीस एका बाजूला आणि ती एक्केचाळीस दुसऱ्या बाजूला, असं तोलायला त्यांच्याकडे कुठला काटा असणार होता? आणि त्या नर्सने तर काहीच चूक केली नव्हती.

"नको म्हणावं," त्या म्हणाल्या. "तिकडचं काढू नका."

डॉक्टरांनी फोनवर हात ठेवला. "सिस्टर, नीट विचार करा."

"केला. सांगा तुम्ही." आणि त्या डॉक्टरांसमोरच, लहान मुलीसारख्या, हुंदके देऊन रडल्या. डॉक्टरांनी फोनवर काय सांगितलं ते त्यांनी ऐकलं नाही.

शिक्षा वगैरे कुणी केली नाही. नोकरी राहिली, वॉर्डही राहिला म्हणायचा. सरकारी दूध यायचं तेव्हा यायचं. वर्ष सरलं. शेवटचं खोकं रिकामं झाल्यावर झाडूवाल्या मावशींनी ते घडी करून भिंतीला टेकवून ठेवलं. गाडी नसल्यामुळे लांबची मुलं येईनाशी झाली आणि खाटा खरोखरच रिकाम्या पडू लागल्या. त्या वेळी आले असते पाहुणे तर आवरावंही लागलं नसतं.

दोन महिन्यांनी एका दुपारी हत्तीणीची आई आली. आधी पायी, मग दोन बस बदलून. कडेवरच्या गाठोड्यातून हत्तीण काढली तेव्हा सिस्टरनी पट्टी हातात घेतली खरी, पण गुंडाळायची गरज नव्हती. पोरीला जुलाब लागून तीन आठवडे झाले होते. वॉर्डात दूध कालच संपलं होतं. सिस्टरनी साखर-मिठाचं पाणी तयार केलं, चमच्याने पाजलं, चिठ्ठी लिहिली आणि मोठ्या शहराच्या हॉस्पिटलचा रस्ता सांगितला. बसने चार तास.

आईने निमूटपणे चिठ्ठी घेतली. उठली नाही. थोड्या वेळाने खाली बघत तिने विचारलं, "सिस्टर, त्या उंच बाई आता येणारच नाहीत?"

"नाही गं."

"माझ्या पोरीमुळे झालं ना हे? ती रडली त्या दिवशी. तुम्ही इतकं बजावलं होतं, आवाज नको म्हणून. घरीदेखील मी कुणाला सांगितलं नाही. आधी यायला तोंड नव्हतं मला, म्हणून उशीर केला."

सिस्टरनी चमचा खाली ठेवला. तीन आठवडे. ही बाई तीन आठवडे घरी बसून राहिली होती.

हो ला हो करून पाठीवरून हात फिरवता आला असता. तसं काहीतरी सिस्टरच्या जिभेवर आलंही होतं. त्या तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"तुझी पोर रडली म्हणून नाही झालं," त्या म्हणाल्या. "तिचं रडणं मी बाईंना कळू दिलं नाही म्हणून झालं. आजारी मुलं दिसू नयेत म्हणून मी तुम्हाला मागे कोंडलं. त्यांना वाटलं, आता इथे कुणी आजारीच नाही. चूक माझी होती. तुझी नव्हती आणि हिची तर नव्हतीच."

आईने वर पाहिलं. इतके दिवस काहीही झालं तरी ती "असू द्या, सिस्टर" म्हणायची, सुई टोचून पोर किंचाळली तरी म्हणायची. आज म्हणाली नाही. तिने पोरीला गाठोड्यात घट्ट गुंडाळलं, चिठ्ठी मुठीत धरली आणि उठली. सिस्टर सोबत निघाल्या तर तिने हात आडवा केला.

"मी नेते माझी," ती म्हणाली आणि समोरच्या बसच्या थांब्याकडे एकटीच चालू लागली. सिस्टर फाटकाशी उभ्या राहिल्या. बस यायला अजून पाऊण तास होता, आणि तेवढा वेळ त्या बाईने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.