बाण वरच्या बाजूला

साहेब, माझ्या बाबांच्या नावापुढे 'अपात्र' हे तुम्हीच लिहिलं. कारण लिहिलं नाही. नागपुरातल्या तुमच्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत या माणसानं चौतीस वर्षं दगड धुतले, सहलींत पोरांच्या दगडांची पोती पाठीवर वाहिली. शिपाई म्हणून लागले, शिपाई म्हणूनच घरी आले. तुम्ही ते लिहिलंत त्या लॅब असिस्टंटच्या मुलाखतीला वीस वर्षं झाली. तुम्ही विसरला असाल. परवाचं ऐका.

मी आता कॅनडात असते. कॅलगरीहून आई-बाबांना घेऊन निघाले. दीड तास नुसतं सपाट गवत, मग रस्त्याकडेला जमीन एकदम खाली गेली. ओसाड दरी, भिंतींवर राखाडी, काळे, विटकरी पट्टे. झाड औषधालाही नाही.

"दगडंच दाखवाले आणलं का वं अक्षता?" आई मागून म्हणाली. "नागपुरात का दगडाचा दुकाळ पडला व्हता?"

बाबा ऐकतच नव्हते. "थो काळा पट्टा कोळशाचा. वरचा पांढुरका हाय ना, ते ज्वालामुखीच्या राखेची माती. पाणी पडलं का साबणावानी घसरते."

दरीत उतरलो. बाबा वाकले. खिशातलं पेन काढून जमिनीतल्या बोटभर तुकड्यावर बाण काढला, टोक वरच्या बाजूला. खाली नंबर टाकला. जागेची खूण म्हणून शेजारी हातातली काठी खोवली, मगच तुकडा उचलला आणि जिभेला लावला.

"घ्या! डबा गाडीत, अन् हे दगड चाटून राह्यले," आई म्हणाली.

"दगड नाही हे. हाड हाय. दगड जिभेले धरत नाही, जुनं हाड धरते."

"सर! पुट इट बॅक, प्लीज!" टोपीवाली गाइड धावत आली. इथलं काही उचलणं गुन्हा. पाटी मी वाचली नव्हती, चूक माझी. पण अंग चोरलं बाबांनी. तुमच्या केबिनबाहेर चोरायचे तसंच.

त्यांनी तुकडा काठीशेजारच्या त्याच खळग्यात ठेवला. बाण वर. तसूभर फरक नाही. गाइड उकिडवी बसून बघत राहिली.

"हाउ डिड यू नो इट्स बोन?"

मी तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले, "टंग, मॅडम. बोन कॅच टंग. स्टोन नो कॅच."

"अँड द ॲरो?"

"ॲरो अप. ऑलवेज. नो ॲरो, स्टोन फरगेट हाउस."

ती हसली नाही. वही काढली, आणखी विचारलं, नाव विचारलं, लिहू लागली. बाबा माझ्या कानाशी आले. "काय लिहून राह्यली वं? मले वाचून दाखव."

मी तिला सांगितलं. तिनं वहीच बाबांपुढे धरली. मी वाचून दाखवलं: हाडाचा तुकडा, जागा, वरची बाजू नोंदलेली. शोधणारे: यादवराव मेश्राम. बाबांनी नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

हा देश काही स्वर्ग नाही. 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स नाही' म्हणत मलाही इथं नोकरीसाठी वर्षभर फिरवलं. पण त्या बाईचे उपकार मी मरेपर्यंत मानीन.

परतताना बाबा बोटं मोजत होते. "चार प्रश्न विचारले बाईनं. चारही आले मले. लय चांगलं केलं बेटा, आणलं तू."

आईनं डबा उघडून पहिला घास त्यांच्या हातावर ठेवला.

साहेब, मुलाखतीत तुम्ही बाबांना एकच गोष्ट सांगितली होती: आलाच आहेस तर चार चहा सांगून ये. दगडाबद्दल एक तरी प्रश्न विचारला होता का? माझा पत्ता खाली दिलाय. उत्तर द्या.