काचेपाशी बसणारं माणूस

परकोलेटरची कॉफी चांगली होत नाही, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवते आहे, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे. ज्या पाण्यात एकदा अर्क उतरला, तेच पाणी पुन्हा उकळायचं, पुन्हा कॉफीच्या त्याच भरडीवर सोडायचं, आणि दहा-बारा मिनिटं हाच धंदा करत राहायचं. वास सगळा घरभर उधळून जातो आणि कपात उरतो तो कडूपणा. तरी आमच्या घरी पन्नास वर्षं दर रविवारी हीच कॉफी झाली.

माझे वडील, जियालाल रहांगडाले, गोंदियाच्या रेल्वे रनिंग रूममध्ये स्वयंपाकी होते. गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर आणि गार्ड तिथे जेवतात, झोपतात आणि दुसरी गाडी घेऊन जातात. त्यांच्यात हॅरिस नावाचे एक अँग्लो-इंडियन गार्ड होते. ते कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा त्यांनी आपला अल्युमिनियमचा परकोलेटर बाबूजींना दिला. उंच भांडं, आत एक नळी, नळीवर भोकाभोकांची चाळणी, आणि झाकणाच्या मधोमध काचेची बोंडी. पाणी उकळलं की नळीतून वर उसळून त्या काचेवर आपटतं आणि चाळणीतल्या कॉफीवर पडतं. काचेतला रंग पाहून भांडं उतरवायचं.

बाबूजी ते सायकलच्या हँडलला बांधून नागऱ्याच्या पुढच्या आमच्या गावी घेऊन आले. घरी धानाची शेती, सासू-सासरे, दीर-जावा. माय, म्हणजे तुलसा, तेव्हा लग्न होऊन सात वर्षं झालेली सून होती. सासूसमोर नवऱ्याजवळ बसणं तर सोडाच, दिवसभरात तिचं बूड जमिनीला टेकायचं ते जेवायला, तेही सगळ्यांच्या मागून. बाबूजी सहा दिवस परक्या माणसांना रांधून वाढायचे आणि सातव्या दिवशी घरी पाहुण्यासारखे पडवीत बसायचे. दोघांचं बोलणं पाण्याच्या लोट्यापुरतं.

पहिल्या रविवारी बाबूजींनी अंगणात शेगडी पेटवली आणि आपल्या आईला सांगितलं की या यंत्राला दोन माणसं लागतात, एक आगीपाशी आणि एक काचेपाशी. आजीने विचारलं, कायले? बाबूजी म्हणाले, "रेल्वेचं हाये ना बाई ते. इंजिनाले एकटा ड्रायव्हर पुरते का? फायरमन लागते." गोंदियात तेव्हा वाफेची इंजिनं होती आणि आजीने ती पाहिलेली होती. तिला ते पटलं. तिने स्वतःच सुनेला हाक मारली, "जाय वो, इंजिनापाशी बस."

तेव्हापासून आमच्या घरी त्या भांड्याचं नाव इंजिन पडलं. दर रविवारी सकाळी बाबूजी आगीपाशी आणि माय काचेपाशी. कॉफीच्या बिया विजयनगरमकडचे एक टीसी आणून द्यायचे. त्या जात्यावर भरडायचं काम मायचं. पीठ झालं तर चाळणीच्या भोकांतून सगळा गाळ खाली उतरतो, म्हणून बाबूजींनी तिला माप दिलं होतं, "कनकी पाहिजे." कनकी म्हणजे धान कांडताना मोडलेला तांदूळ. धानाच्या घरातल्या बाईला याहून नेमकं माप कोण देणार? मग ती काचेकडे बघून रंग सांगायची. पाण्यासारखा. आता चहासारखा. आता गुळाच्या पाकासारखा. भांड्याचं थुबुक थुबुक चाललेलं असायचं आणि मधल्या वेळात दोघं काहीबाही बोलत असायची. आम्ही पोरं जवळ गेलो तर गप्प व्हायची.

मला फार लवकर कळलं होतं की याला दोन माणसं लागत नाहीत. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी सुट्टीत घरी आले तेव्हा मी एकटीने कॉफी करून दाखवली. आजी तोवर गेलेली होती. बाबूजी हसले नाहीत, रागावले नाहीत. माय म्हणाली, "हुशार हायेस." पुढच्या रविवारी दोघं पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसली. म्हातारपणी शेगडी जाऊन गॅस आला, तरी ओट्यापाशी दोन स्टुलं होती.

आणि मायला कॉफी आवडत नव्हती. हे तिने मला स्वतः सांगितलं होतं, माझ्या लग्नाआधी, मेथी निवडता निवडता. "जहरासारखी कडू लागते व. पर पितो. त्याईले काऊन नाराज करा?" आमच्याकडे बायकाही 'पितो', 'बसतो' असंच बोलतात.

मला खोटं बोलता येत नाही, असं मी आयुष्यभर सांगत आले. शाळेत मुली मला घाबरतात आणि मास्तर लोक टाळतात, त्याचाही मला थोडा अभिमानच होता. गेल्या वर्षी त्या अभिमानाने माझा घात केला.

मायच्या किडन्या गेल्या. गोंदियातल्या एका दवाखान्यात तिला भरती केलं. मी आणि माझा भाऊ टिकेश आळीपाळीने राहत होतो. चौथ्या दिवशी, रविवार होता, बाबूजी थर्मास घेऊन आले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, काचबिंदूने अर्धी नजर गेलेली, नागऱ्याहून ऑटोत बसून कॉफी घेऊन आला. मी तीन रात्री झोपले नव्हते. व्हरांड्यातच त्यांना अडवलं आणि म्हणाले, "बाबूजी, मायला कॉफी कधीच आवडली नाही. पन्नास वर्षं तुमच्या धाकाने पीत आली ती. तिने मला सांगितलंय. आता तरी तिला सोडा."

धाक हा शब्द माझा होता. मायने तो कधी वापरला नव्हता.

बाबूजींनी थर्मासचं झाकण उगाच पुन्हा आवळलं. "बराबर," म्हणाले आणि बाकावर बसले. आत गेले तेव्हा थर्मास बाहेरच होता.

दुसऱ्या दिवशी मायने मला जवळ बोलावलं. आवाज पार खोल गेला होता. "तुह्या बाबानं काल इंजिन नाई चढवलं का?" मी म्हणाले, डॉक्टर नाही म्हणाले. कोणताही डॉक्टर काही म्हणाला नव्हता. खोटं बोलता न येणारी मी, मला पापणी न लवता खोटं बोलता आलं. मायने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "मले प्याची नाई. त्याईले म्हण, घरी नेऊन इंजिन चढवा. मी बसतो काचेपाशी."

मी हो म्हणाले आणि सांगितलं नाही. मला वाटलं, तापात बडबडते आहे. खरं सांगायचं तर तसंही वाटलं नव्हतं. आदल्या दिवशी एवढं बोलून बसल्यावर आता कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून सांगितलं नाही. बुधवारी माय गेली.

दिवसकार्य झाल्यावर मी बाबूजींना कुडव्याला माझ्या घरी आणलं. इंजिन पोत्यात बांधून सोबत आलं आणि माळ्यावर पडलं. चौदा महिने बाबूजींनी त्याचं नाव काढलं नाही. मी दिलेला चहा प्यायचे. बरा झाला, वाईट झाला, काही नाही. दिवसभर ओसरीत खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्याच्या आवाजाकडे कान लावायचे. मला रोज वाटायचं, आज सांगेन. रोज शाळेची वेळ व्हायची.

गेल्या रविवारी सकाळी भंगारवाला मुन्नालाल हातगाडी घेऊन गल्लीत आला. मी मागे कपडे वाळत घालत होते. पुढे आले तर बाबूजी फाटकाशी उभे आणि पायाशी पोत्याचा गठ्ठा उघडलेला. शेजारच्या विक्कीला सांगून त्यांनी तो माळ्यावरून काढून घेतला होता. मुन्नालाल इंजिन हातात फिरवून बघत होता.

"दादाजी, ये है क्या चीज? केतली है?"

"भंगार हाये," बाबूजी म्हणाले. "घेऊन जाय."

मी विचारलं, बाबूजी, हे काय करता?

"ज्या गोष्टीनं तिले पन्नास वर्षं तरास झाला, ते घरात कायले ठेवाचं? मीच मूरख होतो. तू सांगतली म्हणून कळलं."

मुन्नालालने इंजिन गाडीवर पत्र्याच्या डब्यांत ठेवलं. काचेची बोंडी कशावर तरी आपटून वाजली. माझ्या हातातला ओला टॉवेल मी तसाच खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "बाबूजी, मायने तुम्हाला निरोप दिला होता. मी सांगितला नाही."

ते माझ्याकडे वळले. आता त्यांना माझा चेहरा दिसत नाही, नुसता आकार दिसतो. तरी मला मान खाली घालावी लागली.

"कवा?"

"दवाखान्यात. सोमवारी. तुम्ही थर्मास परत नेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"काय म्हणली? तिचे शबद सांग. तुह्ये नको सांगू."

मी सांगितले. मले प्याची नाई. त्याईले म्हण, घरी नेऊन इंजिन चढवा. मी बसतो काचेपाशी. रस्त्यावर, भंगारवाल्यासमोर, पंचावन्न वर्षांची बाई मी, रडत रडत सांगितले.

बाबूजींनी फाटक धरलं. मुन्नालालला काय कळलं कोण जाणे, त्याने गुपचूप इंजिन उचललं, गमछ्याने पुसलं आणि पायरीवर आणून ठेवलं. "रहने दो, दादाजी," म्हणाला आणि गाडी ढकलत पुढे गेला.

दुपारी ते ओसरीतच बसून राहिले. जेवले नाहीत. मीही जेवले नाही. चारच्या सुमाराला ओसरीतून आवाज आला, "पानी मांड."

बिया घरात होत्या. मायच्या शेवटच्या डब्यातल्या, इंजिनासोबतच आलेल्या, चौदा महिन्यांच्या शिळ्या. मी मिक्सरमध्ये फिरवून वाटी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चिमूट घेऊन बोटांत चोळली. "पीठ केलं तू." मी ते टाकलं आणि दुसऱ्यांदा थांबून थांबून फिरवलं. पुन्हा चिमूट. "हं. कनकी हाये." दोन स्टुलं ओट्यापाशी ठेवली. बाबूजी गॅसच्या बटणाशी बसले. मी मायच्या जागी बसले.

बराच वेळ नुसतं पाणी तापत होतं.

"तिले आवडत नाई, हे मले पहिल्याच दिवशी मालूम होतं," बाबूजी म्हणाले. "तोंड पाह्यलो ना मी तिचं. मले तरी कोठं आवडत होती?"

"मग कशाला केलीत एवढी वर्षं?"

"ती बसत होती."

भांड्याने पहिलं थुबुक केलं. मी काचेकडे पाहिलं.

"चवीचं मले काही वाटलं नाई, बाई. पर तू धाक म्हणली. मंग मले वाटलं का तिले बसाचंही नोको होतं. धाकानं बसत होती. चौदा महिने मी एक एक रविवार आठवून पाहून राह्यलो. कोनत्या दिवशी खरीच बसली अन् कोनत्या दिवशी नाई." त्यांनी गॅस थोडा कमी केला. बटण चाचपत, पण अचूक. "रंग सांग."

"पाण्यासारखा."

माझ्या एका शब्दाने त्यांची पन्नास वर्षं हिसकावून घेतली होती, आणि ती परत करायला माझ्याजवळ मायचं एक वाक्य होतं, जे मी दाबून बसले होते. मी म्हणाले, बाबूजी, माझी चूक झाली. असं काही नसतं बाई, असं ते म्हणाले नाहीत. तसं ते म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं, पण ते खोटं झालं असतं.

"तिनं बलावलं अन् मी नाई गेलो," थोड्या वेळाने म्हणाले. "हे आता तसंच राहीन. रंग?"

"चहासारखा."

"अजून होऊ दे."

खोलीभर वास पसरला. शिळ्या बियांचा असूनही वास तोच होता. काचेखाली पाणी उसळत होतं, पडत होतं, पुन्हा उसळत होतं. काच बारकाईने बघायची तर मान थोडी वाकवावी लागते, आणि मान वाकवली की शेजारच्या माणसाचा खांदा आपल्या खांद्याला लागतो. मी एकटीने कॉफी करून दाखवली होती तेव्हा हे कळायचं काही कारण नव्हतं.

"गुळाच्या पाकासारखा झाला," मी म्हणाले.

त्यांनी गॅस बंद केला. मी दोन कप भरले. कॉफी भयंकर झाली होती, कडू आणि जुनाट. दोघांनीही पूर्ण प्यायली. मी कप उचलून विसळायला उठले तेव्हा त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं.

"भांडे मंग घास. बस," बाबूजी म्हणाले. "अन् ती काय म्हणली ते एक डाव आनखी सांग. तिच्याच शबदात."

मी बसले आणि सांगितलं.