मेणदोऱ्याची गाठ

"सुनिवा आहे का?"

ऊडवारने ट्रकमधून उतरता उतरता विचारलं, आणि विचारलं कुणाला, तर राग्नवाल्डला. सव्वीस वर्षं हाच माणूस गॅरेजच्या दारात ट्रक लावून आधी राग्नवाल्डला हाक मारत आला होता.

"ती दुसऱ्या गाडीखाली आहे. मला सांग की."

"अरे, पंखा बंदच होत नाही. ऐक ना."

ऐकायला कशाला हवं? उभ्या ट्रकचा पंखा विमानासारखा घोंघावत होता. बाहेर उणे नऊ, मार्चचा कॉड माशांचा हंगाम, मागे बर्फात अठरा टन मासळी आणि तीनची बोट गाठायची.

"इंजिन तापत नाही, केबिनमध्ये माझे दात वाजतायत, आणि डिझेल तर ही बया नुसतं ढोसतेय. म्हटलं, सुनिवाच्या लॅपटॉपला कळेल."

"लॅपटॉप नव्हते तेव्हाही पंखे होते," राग्नवाल्ड म्हणाला.

ऊडवारच्या काखेत पिशवी होती. त्याची नातवंडं बंदरावर बसून कॉडच्या जिभा कापायची आणि दर मार्चला त्यातली किलोभर राग्नवाल्डच्या हातात पडायची. आज पिशवी काखेतून हलेना.

राग्नवाल्डने इंजिन बंद करायला लावलं, रेडिएटरमागे हात घालून पंखा फिरवून पाहिला. जड. अगदी जड.

"क्लच जॅम झालाय. इंजिन गार असलं की यानेच पंख्याला सोडून द्यायचं असतं. नवा बोडो शहरातून येईल, उद्या."

"उद्या? तोवर मासळीशी पत्ते खेळू का?" ऊडवारने टोपी मागे सारली. "एकदा सुनिवाला विचारू या ना."

त्या 'ना'ने राग्नवाल्डच्या अंगाचा तिळपापड झाला.

सुनिवा दोन वर्षांपूर्वी ऑस्लोकडून आलेली, बत्तीस वर्षांची, हात पुसत पुसतच चालणारी. तिने पंख्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लॅपटॉप जोडला, किल्ली फिरवायला सांगितली.

"इंजिन पंखा मागतच नाहीये," ती म्हणाली. "आणि राग्नवाल्ड, थंडीत क्लचमधलं तेल घट्ट होतं रे. चांगला पंखासुद्धा हाताला जडच लागतो."

हळू बोलली, ऊडवारला ऐकू जाऊ नये म्हणून. ओरडली असती तर परवडलं असतं. तिचं ते सांभाळून घेणंच त्याला जास्त झोंबलं.

मग तिने क्लचचा प्लग काढून मीटर लावला. "बघ, वीज मिळाली की हा पंख्याला सोडतो. मिळाली नाही तर धरून बसतो, इंजिन जळू नये म्हणून. इंजिनच्या कॉम्प्युटरकडून वीज निघतेय, इथे पोचत नाहीये. मध्ये कुठेतरी वायर तुटलीय. थांबा, वायरिंगचा नकाशा काढते."

राग्नवाल्डला नकाशा लागत नव्हता. दोन हिवाळ्यांपूर्वी या ट्रकचा रेडिएटर त्यानेच बदलला होता, वायरी त्यानेच बांधल्या होत्या. तो दिवा घेऊन खाली सरकला.

आणि तिथे ती गाठ होती. बाकी सगळे प्लास्टिकच्या पट्ट्या ओढायचे, राग्नवाल्ड मेण लावलेल्या दोऱ्याने बांधायचा. दुहेरी फास, वडिलांनी जाळी विणताना शिकवलेला. ही गाठ कुणाची, हे पंचक्रोशीतला कुठलाही ड्रायव्हर सांगू शकला असता. तिच्याच खाली लोखंडी कडेला टेकवून बांधलेली वायर घासून सोलली होती आणि आतलं तांबं समुद्राच्या मिठाने हिरवं पडून तुटलं होतं.

त्याने चाकू काढला. दोरा कापायचा, खिशात टाकायचा, संपलं. दोष मिठाचा. मीठ काही भांडायला येत नाही.

वर सुनिवा काहीतरी बोलली आणि ऊडवार हसला, नाकातून फुरफुरत. ते हसू सव्वीस वर्षं राग्नवाल्डच्या विनोदांचं होतं. पातं दोऱ्यावर टेकलं. आणि तेव्हाच त्याला दिसलं, दोरा गेला की उरणार काय: वायर तुटली होती, सुनिवाने शोधली. या सगळ्या गोष्टीत राग्नवाल्ड कुठेच नाही. चुकीतसुद्धा नाही.

त्याने चाकू मिटला.

"सापडलं," तो खालूनच म्हणाला. "माझ्याच गाठीखाली."

बुटांची एक जोडी दोन पावलं पुढे आली.

"दोन हिवाळे टिकली की," ऊडवार म्हणाला. "माझी बायको एवढी टिकली नाही."

वायर सुनिवाने जोडली, दिवा राग्नवाल्डने धरला. बांधायला तिने हात पुढे केला तेव्हा त्याने तिला प्लास्टिकची पट्टी दिली. ट्रक सुरू झाला, पंखा क्षणभर घोंघावला आणि मग असा मऊ पडला की छपरावरचे सीगल ऐकू आले.

ऊडवारने पिशवी टेबलावर ठेवली, बरोबर दोघांच्या मध्ये, आणि कुणाकडेही न बघता बोटीकडे निघाला. ट्रक वळणाआड जाईपर्यंत राग्नवाल्ड कान देऊन उभा होता. मग त्याने पिशवी सुनिवाकडे सरकवली.

"ने."

"मला येतात कुठे करता? आमच्याकडे जिभा कोण खातं? सांग ना, कशा करतात?"

"कोरड्या पुसायच्या. पीठ, मीठ, मिरी. लोण्यात तळायच्या."

मघाशी मीटरवरचा आकडा जसा वाचला, तशाच एकाग्रतेने तिने ते फोनमध्ये लिहून घेतलं.

"एवढंच?"

आच अगदी मंद ठेवायची, हे त्याने सांगितलं नाही. नाहीतर जिभा रबरासारख्या होतात. सगळी खुबी त्यातच.

"एवढंच," राग्नवाल्ड म्हणाला, आणि दोऱ्याचं रीळ गुंडाळायला लागला. उद्या ती विचारायला येईल.