तीर्थातल्या लेन्सा

लातुरात त्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याला वास यायचा आणि माणसं तेच गाळून प्यायची. शिवम्माला मात्र पाण्यापेक्षा लेकीच्या चष्म्याची धास्ती मोठी. सोयरीक जुळवताना औशाच्या गंगम्माला तिनं छातीठोक सांगितलं होतं, "आमच्या महानंदाला नंबर-बिंबर काय न्हाई." मग चष्मा पिठाच्या डब्यात गेला आणि पोरीच्या डोळ्यांत लेन्सा आल्या.

सुपारी फुटली तशी होणारी सासू गंगम्मा बस्त्याच्या निमित्तानं सारखी यायला लागली. दिवसा लेन्सा काढायला सवड मिळेना. त्यात लेन्सा ठेवायचं औषधपाणी संपलं. दुकानदार गंगम्माच्याच भावकीतला, मागायचं कोणत्या तोंडानं? टँकरचं पाणी शिवम्माला पटेना. मागच्या सोमवारी मठातले अय्या येऊन गेले होते. त्यांचे पाय धुतलेलं तीर्थ देव्हाऱ्यातल्या वाटीत होतं. घरात पवित्र तेवढं तेच. रात्री तिनं लेन्सा त्यात बुडवल्या, वर हात जोडले.

डोळा लाल झाला. "बस्ता होऊ दे, मग काढ," शिवम्मा म्हणाली. बस्ता झाला तोवर बुबुळावर पांढरा ठिपका उठला, उजेड सोसेना. दवाखान्यात गंगम्माही आली, सुनेचा हात धरून बसली.

"लेन्स वापरते का ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाई. कचरा गेलाय." शिवम्माच मधे बोलली. महानंदाला तिनं शपथ घातली होती.

"मला बुरशी वाटायलीय. खरवडून तपासते, पण औषध आत्ताच सुरू करायचंय. खरं सांगा. डोळा तिचा जायलाय, तुमचा न्हाई."

पोरगी आंधळी व्हायला निघाली आणि ही आई अजून सोयरिकीचा विचार करत होती. शिवम्माला स्वतःचीच किळस आली.

"वापरते," ती म्हणाली. "चष्मा मीच लपवला. लेन्सा अय्यांच्या तीर्थात ठेवल्या."

गंगम्मानं पोरीचा हात सोडला. "चष्म्याचं ऱ्हाऊ द्या, ईनबाई. आता तीर्थाला बोल लावता? रोज डोळ्याला लावतो आम्ही. कुणाचा गेला?"

"तीर्थाचं काय चुकलं न्हाई. आठवडाभर उघडं पडलेलं पाणी, सगळ्यांची बोटं बुडलेलं. मला दिसत होतं. तरी लेन्सा त्यातच घातल्या."

गंगम्मा उठून बाहेर गेली. बाकड्यावर बसली का गावाला निघाली, ते बघायला शिवम्माची मान वर होईना.

डॉक्टरीणबाईंनी लेन्सांना मनाई केली. "आता चष्माच."

महानंदानं चाचपडत हात पुढं केला. "अव्वा, चष्मा आणलास का?"

शिवम्मा रिकाम्या पिशवीत उगीच हात घालून राहिली.